वसंतदादांचा हिशेब टनात आणि टीएमसीत मांडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१३ नोव्हेंबरला वसंतदादा पाटील यांची जयंती आणि १ मार्चला स्मृतिदिन. या दोन तारखांना मराठी वृत्तपत्रांत जो मजकूर येतो, तो आता पाठ झाला आहे. सांगलीचा तुरुंग फोडला, खांद्यात गोळी लागली, सातवी शिकलेला शेतकरी मुख्यमंत्री झाला, १९७८ मध्ये पाठीत खंजीर खुपसला गेला. संपला लेख. यातले काही खोटे नाही (खंजिराबद्दल मतभेद आहेत, पण तो शब्द आता मराठी वृत्तपत्रांच्या मालकीचाच झाला आहे). तक्रार वेगळी आहे. या मजकुरातून एवढेच कळते की माणूस धाडसी आणि दिलदार होता. शेतातून उठलेल्या या माणसाने नेमके काय उभे केले, ते कोणत्या हिशेबावर उभे राहिले आणि पुढे त्यातले काय का बिघडले, हे वाचकाला कधीच कळत नाही. पुढच्या १३ नोव्हेंबरला तरी हे यावे, म्हणून हे लांबलचक पत्र.

तुरुंगाचा प्रसंग थोडक्यात उरकतो, कारण तो सगळ्यांना माहीत आहे. तारीख २४ जुलै १९४३. जागा सांगलीच्या किल्ल्यातला तुरुंग. पहारेकऱ्यांच्या बंदुका ताब्यात घेऊन दादा आणि साथीदार तटावरून खंदकात उतरले. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हुतात्मा झाले. दादा जखमी अवस्थेत पकडले गेले, शिक्षा झाली आणि १९४६ मध्ये सुटले. विनंती एकच, की हा प्रसंग छापताना त्या दोघांची नावे गाळू नयेत. बहुतेक वेळा गाळली जातात.

आता मुख्य गोष्ट. १९१७ चा जन्म, मिरज तालुक्यातले पद्माळे हे गाव, अगदी तान्हेपणी साथीच्या रोगात आईवडील गेलेले, आजीने वाढवलेले पोर. शाळा सातवीपर्यंत. १९५२ मध्ये सांगलीतून आमदार. इथपर्यंत त्या पिढीतल्या वीसेक कार्यकर्त्यांचे चरित्र असेच लिहिता येईल. दादा वेगळे ठरले ते साखर कारखान्यामुळे. १९५०-५१ मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी पहिला सहकारी कारखाना गाळपास आणला होता. त्या वाटेने सांगलीत शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तो ‘दादांनी उभा केला’ असे एका वाक्यात लिहिले की काम सोपे वाटते. ते सोपे का नव्हते, हे आकड्यांत पाहा.

त्या काळचा हजार टनी कारखाना घ्या. हजार टनी म्हणजे दिवसाला हजार टन ऊस गाळणारा. हंगाम दीडशे दिवसांचा धरला तर दीड लाख टन ऊस हवा. एकरी ४० टन धरले तर दरवर्षी ३,७५० एकर तोडीचा ऊस, तोही गाडीबैलाच्या टप्प्यात. ऊस तोडल्यावर त्यातली साखर दर तासाला उतरत जाते. चोवीस तासांच्या आत तो गव्हाणीत पडला पाहिजे, उशीर झाला की वजनही घटते आणि उताराही (उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी). म्हणजे नुसता ऊस असून भागत नाही, तो कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात तयार होणार, हे दीड वर्ष आधी ठरवावे लागते. आडसाली लागण जुलै-ऑगस्टची आणि तोड सोळा-अठरा महिन्यांनी. पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरची, सुरू जानेवारी-फेब्रुवारीची, शिवाय खोडवा, म्हणजे तोडल्यावर बुडख्यातून पुन्हा फुटणारा ऊस. या चार प्रकारांची नोंद गावनिहाय लागली नाही तर डिसेंबरात कारखाना उसाविना थांबतो आणि एप्रिलमध्ये शेतात उभा ऊस वाळतो. दोन्हीकडून शेतकरी शिव्या घालतो, आणि घालावाच.

आणि ऊस येण्याआधी पैसा यायला हवा. शेअर घ्यायला शेतकऱ्याकडे रोकड नसे. भांडवलाची रचना अशी असे: काही भाग शेतकऱ्यांचे शेअर, काही भाग राज्य सरकारचे भागभांडवल, उरलेला मोठा भाग वित्तीय संस्थेचे दीर्घ मुदतीचे कर्ज आणि त्या कर्जाला सरकारची थकहमी. सरकार आणि बँक यांना कागद दाखवता येतो. शेतकऱ्याला काय दाखवणार? ज्या गावात कोणी यंत्र पाहिलेले नाही, तिथे जाऊन गुऱ्हाळवाल्याला सांगायचे की गूळ बंद कर, शेअरला पैसे दे, दोन वर्षे थांब. हे सांगणाऱ्याचे स्वतःचे शेत गावाला माहीत असावे लागते. तुरुंगातून आलेल्या प्रतिष्ठेचा खरा उपयोग इथे झाला. आमच्या मते दादांच्या राजकारणाचा पाया विधानसभेत पडलाच नाही, तो शेअरच्या पावतीपुस्तकावर पडला.

कर्ज फेडायचे कसे, याचे उत्तर महाराष्ट्राच्या सहकारी साखर कारखानदारीने शोधले ते ठेवींच्या कपातीत. उसाच्या दरातून टनामागे ठरलेली रक्कम कापायची, काही परतीची ठेव, काही बिनपरतीची. उदाहरणादाखल, टनाला पाच रुपये कापले तर दीड लाख टनांवर साडेसात लाख रुपये वर्षाला जमतात. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. यात शेतकऱ्याला सावकाराकडे जावे लागत नाही, कारखान्याला वसुलीसाठी माणूस पाठवावा लागत नाही, आणि कपात झाली की सभासदाचा हक्क वाढल्यासारखा वाटतो. रचना हुशार होती. पण तिच्यात एक फट होती: कपातीचा हिशेब सभासदाला समजेल असा मांडला नाही तर हाच पैसा संचालक मंडळाच्या हातातले बिनव्याजी भांडवल बनतो. पुढे अनेक ठिकाणी तसे झाले. बिनपरतीची ठेव कोणाच्या नावावर, तिच्यावर व्याज किती, ती शेअरमध्ये कधी वर्ग होणार, हे प्रश्न वार्षिक सभेत विचारणारे कमी होत गेले.

दुसरी फट तोडचिठ्ठीची. एक सभासद, एक मत हे तत्त्व कायद्यात आहे. पण ऊस कोणाचा आधी तोडायचा हे शेती विभागाच्या चिठ्ठीवर ठरते. पक्व ऊस महिनाभर उशिरा तुटला तर वजनात मार बसतो, पुढच्या पिकाची लागण लांबते, खोडवा बिघडतो. म्हणजे मतदाराचे वर्षाचे उत्पन्न एका चिठ्ठीत. साखर पट्ट्यातले राजकारण एवढे घट्ट का बसले, याचे कारण शोधायला फार लांब जायला नको. दादा या यंत्रणेचे शिल्पकार होते, त्यामुळे तिच्या ताकदीचे श्रेय त्यांना देताना तिच्या गैरवापराची दारेही तिथूनच उघडली, हे लिहायला संकोच नसावा.

उताऱ्याकडे दादांचे लक्ष किती होते, याची खूण पुण्याजवळ मांजरीला आहे. १९७५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट स्थापन झाली. त्यांच्या निधनानंतर १९८९ मध्ये तिला वसंतदादांचे नाव दिले गेले. कारखानदारांनी आणि ऊस उत्पादकांनी स्वतः पैसा घालून चालवलेली संशोधन संस्था, हे देशातच दुर्मिळ उदाहरण आहे. तिचे महत्त्व एका आकड्यात सांगता येते. दीड लाख टन गाळपावर उतारा एक टक्क्याने वाढला तर १,५०० टन, म्हणजे १५,००० क्विंटल साखर जास्त मिळते. तेवढीच तोड, तेवढीच वाहतूक, तेवढेच इंधन. आजच्या दराच्या भाषेत बोलायचे तर २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राची एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये आहे आणि त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढतात. बारा टक्के उताऱ्याचा ऊस त्यामुळे क्विंटलला सुमारे ४१५ रुपयांवर जातो, टनाला ४,१५० च्या आसपास, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्याला मराठवाड्यापेक्षा जास्त दर का मिळतो, याला राजकीय कारणे शोधणाऱ्यांनी आधी हवामान, जमीन आणि ताज्या उसाचा हा हिशेब करावा.

कारखान्यानंतर पाणी. दादा १९६७ मध्ये प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष झाले, पण मंत्रिपद घेतले ते १९७२ मध्ये, वसंतराव नाईकांच्या मंत्रिमंडळात, आणि खाते पाटबंधारे. ते वर्ष दुष्काळाचे. त्याच सुमारास कृष्णा पाणी तंटा लवादाचे (न्या. बच्छावत) काम चालू होते. १९६९ मध्ये नेमलेल्या या लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले. पाणी वाट्याला आले तरी ते अडवले नाही तर खाली वाहून जाणार, आणि अडवायचे कुठे यावर सांगली जिल्ह्यातच मोठा वाद पेटला. वारणेवरचे धरण खुजगावला बांधायचे की वर चांदोलीला? दादांचा आग्रह खुजगावचा, राजारामबापू पाटील चांदोलीच्या बाजूचे. खालची जागा घेतली की पाणलोट मोठा, साठा मोठा, पण बुडणारी गावे आणि पिकाऊ जमीनही जास्त. वरची घेतली की बुडीत कमी, साठाही कमी. धरण शेवटी चांदोलीला झाले, सुमारे ३४ टीएमसीचे.

दादा-बापू वाद म्हणून हा प्रसंग आजवर व्यक्तींच्या रुसव्याफुगव्यासारखा छापला गेला. मुळात तो अभियांत्रिकीचा आणि विस्थापनाचा प्रश्न होता, आणि दोन्ही बाजूंकडे आपापल्या शेतकऱ्यांचे रास्त म्हणणे होते. शिराळ्यातल्या ज्याचे घर बुडणार होते आणि जत-कवठेमहांकाळकडे ज्याची विहीर आटली होती, दोघेही शेतकरीच. ‘शेतकऱ्यांचा नेता’ हा शब्द अशा वेळी किती अपुरा पडतो ते दिसते.

पूर्वेकडच्या दुष्काळी तालुक्यांसाठी मग उपशाचा मार्ग उरला. ताकारी आणि म्हैसाळ उपसा सिंचन योजनांना मान्यता मिळाली ती १९८४ मध्ये, दादा मुख्यमंत्री असताना. कृष्णेतून पाणी उचलायचे, टप्प्याटप्प्याने वर चढवायचे आणि कालव्यातून तासगाव, कवठेमहांकाळ, जतकडे सोडायचे. कल्पना धाडसी होती. पण उपशाचा हिशेब वृत्तपत्रांत कधी येत नाही, म्हणून इथे देतो. एक टीएमसी म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर पाणी. ते १०० मीटर उंच चढवायला, पंप-मोटारीची एकत्रित कार्यक्षमता ७५ टक्क्यांच्या आसपास धरली, तर एक कोटी युनिटांच्या घरात वीज लागते. ही झाली शंभर मीटरची गोष्ट. उंची वाढेल तसा आकडा त्याच पटीत वाढतो.

आता हे पाणी कशाला वापरायचे? सुरू उसाला पाटाने सुमारे २५० हेक्टर-सेंटिमीटर पाणी लागते, म्हणजे हेक्टरी २५,००० घनमीटर. आडसालीला ३५० पर्यंत. वाटेतली गळती शून्य धरली तरी एका टीएमसीत सुरू ऊस जेमतेम ११३० हेक्टर होतो आणि त्या प्रत्येक हेक्टरमागे, शंभर मीटर उंचीसाठी, नऊ हजार युनिटांच्या आसपास वीज जाते. ठिबकवर निम्म्याच्या जवळपास पाण्यात तोच ऊस येतो. द्राक्ष, डाळिंबाला त्याहून कमी. म्हणून उपशाच्या पाण्यावर पाटाने ऊस घेणे म्हणजे विजेवर ऊस पिकवणे. योजना सुरू झाल्यावर वीजबिल थकले, पंप बंद पडले, आवर्तने चुकली, आंदोलने झाली. अखेरीस बिलाचा ८१ टक्के भाग शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी भरायचा, असा तोडगा निघाला. तो योग्य की अयोग्य यावर वाद घालता येईल, पण १९८४ च्या मान्यतेच्या वेळीच पीकरचनेचा आणि ठिबकचा विचार योजनेत बांधायला हवा होता. तो दोष दादांच्या सरकारच्या खात्यात मांडावा लागतो. पाणी पोहोचवले की शेतकरी पुढचे पाहून घेईल, हा नदीकाठच्या शेतकऱ्याचा स्वाभाविक विश्वास. नदीकाठाला पाणी फुकट चढते, माळाला नाही.

याच दादांनी दुसऱ्या टोकाचा विचारही मांडला, हे मात्र आवर्जून सांगायला हवे. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा त्यांच्या १९८३ नंतरच्या कारकिर्दीतली. त्याच वर्षी राज्यात सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रम सुरू झाला आणि त्याला रोजगार हमीच्या कामांची जोड मिळाली. रोजगार हमीचा कायदाही १९७७ चा, दादांच्या पहिल्या मुख्यमंत्रिपदाच्या काळातला. तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मूळ कल्पना वि. स. पागे यांची, तेही सांगली जिल्ह्यातले. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, आणि ते काम शक्यतो पाणी आणि माती अडवण्याचे: नालाबांध, पाझर तलाव, बांधबंदिस्ती.

घोषणा भिंतीवर राहिली आणि काम बिघडले, ते का? कारण पाणलोटाचे काम माथ्याकडून पायथ्याकडे करायचे असते. आधी डोंगरमाथ्यावर सलग समतल चर, मग उतारावर बांधबंदिस्ती, ओघळीत दगडी बांध आणि सर्वांत शेवटी नाल्यात बंधारा. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चर घेतला तर एका मीटर लांबीत १८० लिटर पाणी थांबते, शंभर मीटरला १८ घनमीटर, तेही एका पावसात. पण चर खरोखर समपातळीत पाहिजे. ए-फ्रेम किंवा हायड्रोमार्कर या समपातळी दाखवणाऱ्या साधनांनी आखणी न करता नजरेने खोदला तर पाणी चराच्या खोल टोकाला धावते, तिथे चर फुटतो आणि न खोदला असता तर बरे झाले असते, इतकी माती जाते. प्रत्यक्षात उद्घाटनाला गाडी जाते तिथे, म्हणजे खाली नाल्यात, आधी सिमेंटचा बंधारा बांधला गेला. वरचे चर राहूनच गेले. दोन पावसाळ्यांत बंधारा गाळाने भरला. त्याचा गाळ काढायची तरतूद नव्हती, कारण नव्या कामाला पैसा मिळतो, जुन्याच्या दुरुस्तीला नाही. हे आजही तसेच आहे, योजनेचे नाव तेवढे दर काही वर्षांनी बदलते.

राजकीय उलथापालथीबद्दल थोडेच लिहितो, त्यावर इतरांनी भरपूर लिहिले आहे. शंकरराव चव्हाणांच्या काळात मंत्रिमंडळाबाहेर, राजकारणातून निवृत्तीची घोषणा, आणीबाणीनंतर पराभवाच्या लाटेत १७ मे १९७७ ला मुख्यमंत्री. १९७८ च्या निवडणुकीत जनता पक्ष ९९, काँग्रेस ६९, इंदिरा काँग्रेस ६२. दोन काँग्रेसचे जोडसरकार, नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री, आणि जुलैत शरद पवारांच्या बाहेर पडण्याने ते कोसळले. खंजिराची गोष्ट लिहिताना हे आकडेही द्यावेत. २८८ च्या सभागृहात एकमेकांवर उघड टीका करणाऱ्या दोन पक्षांचे सरकार पहिल्या दिवसापासूनच किती नाजूक होते, ते वाचकाला त्याशिवाय कळणार नाही. १९८० मध्ये सांगलीतून खासदार, फेब्रुवारी १९८३ मध्ये पुन्हा मुख्यमंत्री, प्रदेशाध्यक्षपदाच्या नेमणुकीवरून नाराज होऊन जून १९८५ मध्ये राजीनामा, मग राजस्थानचे राज्यपालपद. १ मार्च १९८९ ला निधन.

या दुसऱ्या कारकिर्दीतले दोन निर्णय मात्र थांबून पाहावेत असे आहेत. एक, जुलै १९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेली प्रादेशिक असमतोलाची सत्यशोधन समिती. तिने १९८४ मध्ये विकासाचा अनुशेष मोजला, तो ३,१८६ कोटींवर. विदर्भ-मराठवाड्यातला प्रत्येक नेता पुढे ज्या आकड्यावर भांडला, तो मोजायचे काम पश्चिम महाराष्ट्रातल्या साखरसम्राटाच्या सरकारने दिले होते. हे विदर्भातल्या लेखांत येत नाही आणि सांगलीतल्याही नाही. गंमतच आहे.

दुसरा निर्णय विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगीचा. तोवर हुंडा घेऊन किंवा शेती विकून मुलगा कर्नाटकात मणिपालला किंवा बेळगाव-दावणगेरेला पाठवणारी घरे होती. पैसा राज्याबाहेर चालला आहे तर महाविद्यालय इथेच काढा, हा विचार व्यवहाराला धरून होता, आणि तो सहकाराच्या त्याच साच्यातला: सरकारने जागा आणि परवानगी द्यायची, पैसा लोकांनी उभा करायचा. फरक एवढा, की कारखान्यात पैसा देणारा सभासद होता आणि त्याला मत होते. महाविद्यालयात पैसा देणारा पालक होता, मत ट्रस्टींना. त्यामुळे देणग्यांचा बाजार झाला आणि १९८७ मध्ये कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. ‘दादांमुळे खेड्यातला पोरगा इंजिनिअर झाला’ आणि ‘दादांमुळे शिक्षणाचा धंदा झाला’ ही दोन्ही वाक्ये एकाच निर्णयाची आहेत. लेखात एकच छापू नये.

आता या पत्राचा सर्वांत कडू भाग, कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीचा. ज्या पाण्याने हा पट्टा श्रीमंत केला, त्याच पाण्याने मिरज, वाळवा, पलूस, शिरोळकडची काळी जमीन खराब केली. कारण साधे आहे. काळ्या भारी जमिनीत निचरा मुळातच मंद. त्यात वर्षानुवर्षे पाटाने ऊस, शिवाय नाले बुजवून काढलेली शेते. भूजलाची पातळी वर येते आणि पृष्ठभागापासून मीटर-दीड मीटरवर आली की केशाकर्षणाने पाणी वर चढते, उन्हाने उडून जाते, क्षार मागे राहतात. आधी उसात पिवळे पट्टे दिसतात, मग उगवण विरळ होते, नंतर मातीवर पांढरी खपली येते. एकरी ५० टनांची जमीन दहा-पंधरावर येते आणि शेवटी बाभळीची होते.

इथे सर्वांत मोठी चूक होते ती जिप्समची. शेतकरी दुकानातून जिप्समची पोती आणतो आणि पसरतो. पण आधी माती तपासली पाहिजे. सामू (पीएच) ८.५ च्या खाली, विद्युत वाहकता मीटरला ४ डेसिसायमनच्या वर आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या खाली असेल तर ती क्षारयुक्त जमीन, तिला जिप्समची गरज नाही, तिला क्षार धुऊन जायला वाट हवी. सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर ती चोपण, तिला जिप्सम हवेच, पण निचऱ्यासह. निचरा नसताना जिप्सम टाकणे म्हणजे तुंबलेल्या मोरीत साबण टाकणे. निचऱ्यासाठी जमिनीखाली साधारण १ ते १.२ मीटर खोलीवर ८० मिलिमीटर व्यासाच्या, गाळणीचे कापड गुंडाळलेल्या सच्छिद्र नळ्या, जमिनीच्या पोताप्रमाणे २० ते ३० मीटर अंतरावर, किंचित उतार देऊन टाकतात. त्या मुख्य नळीला जोडून पाणी नाल्यात किंवा संपवेलमध्ये (निचऱ्याचे पाणी गोळा करायच्या विहिरीत) सोडतात. नंतर धैंचा किंवा ताग हिरवळीचे खत म्हणून गाडून पहिली एक-दोन पिके सहनशील घेतात. उतार बिघडला तर नळीत गाळ बसतो. गाळणी स्वस्तातली घेतली तर दोन वर्षांत नळी बंद.

आणि हे काम एकट्याच्या शेतात होत नाही. वरच्या शेजाऱ्याचे पाणी खाली येतच राहते, खालच्या शेजाऱ्याने नाला बुजवला असेल तर मुख्य नळी कुठे सोडणार? शंभर-दोनशे एकरांच्या पट्ट्यातल्या सगळ्या खातेदारांची संमती, सामायिक खर्च, टनामागे थोडी कपात, सामायिक देखभाल. म्हणजे १९५० च्या दशकात कारखान्यासाठी जे केले नेमके तेच. शिरोळकडे एका सहकारी कारखान्याने पुढाकार घेऊन असे निचऱ्याचे काम करून दाखवले आहे. मिरज तालुक्यात दादांच्या नावाने संस्था आहेत, मार्केट यार्ड आहे, पुतळे आहेत. त्यांच्या नावाने निचऱ्याची एक सहकारी योजना पट्ट्यापट्ट्याने हाती घेतली गेली तर ते नाव जमिनीच्या आत पोहोचेल.

राहिला दादांचा स्वतःचा कारखाना. तो आज भाडेकराराने खासगी कंपनीकडे आहे. हे लिहिताना सगळे दोष एखाद्या अध्यक्षावर टाकण्याची पद्धत आहे. सहकारी कारखाना बुडतो तो साधारण ठरलेल्या पायऱ्यांनी. साखर पोत्यात भरली की बँक तिच्या मूल्यांकनाच्या ८५ ते ९० टक्के रक्कम मालतारण म्हणून देते. त्यातून उसाचे बिल भागवायचे. साखरेचा भाव पडला की मूल्यांकन खाली येते, दिलेली उचल जास्त ठरते आणि ‘अपुरा दुरावा’ तयार होतो. तो भरायला पुढच्या हंगामाचे पूर्वहंगामी कर्ज वापरले जाते. मग तोडणी टोळ्यांच्या उचलीला पैसा उरत नाही, टोळ्या दुसरीकडे जातात, ऊस शेजारच्या कारखान्याला पळतो, गाळप घटते आणि तेवढाच पगार, तेवढेच व्याज कमी पोत्यांवर पडते. शेजारच्याने जास्त दर दिला म्हणून निवडणुकीच्या वर्षी परवडत नसलेला दर जाहीर करणे, ऊस नसताना गाळपक्षमता वाढवणे आणि गरजेपेक्षा नोकरभरती करणे, ही तीन कारणे यात कायम सापडतात. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत बिल दिले नाही तर १५ टक्के व्याज द्यावे लागते. ते किती कारखान्यांनी दिले, हे विचारायला कुणा पत्रकाराला काय हरकत आहे?

म्हणून संपादक महोदय, पुढच्या १३ नोव्हेंबरच्या पानासाठी आमची मागणी सोपी आहे. तुरुंगाचे चित्र एक असू द्या. त्याच्या शेजारी सांगलीच्या कारखान्याचे सुरुवातीच्या दहा हंगामांचे गाळप, उतारा, दर आणि कपात यांचा तक्ता द्या. जुने वार्षिक अहवाल सभासदांच्या घरांत अजून मिळतात. ताकारी-म्हैसाळचे गेल्या पाच वर्षांत किती पाणी उचलले, किती वीज लागली, कोणत्या पिकाला गेले, हे पाटबंधारे खात्याकडून माहितीच्या अधिकारात मागवून छापा. आणि मिरज तालुक्यातल्या क्षारपड क्षेत्राचा गावनिहाय नकाशा, पद्माळ्यासह.

आपले,
साखर आणि पाटबंधारे क्षेत्रातील कामाशी संबंधित काही वाचक,
मिरज तालुका, जि. सांगली